मदत हवी आहे: आरव्हीच्या स्कायलाइटमधून उजेड हवा, उष्णता नको

आमच्या आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) बाथरूमवर ॲक्रिलिक प्लास्टिकचा घुमटासारखा स्कायलाइट, म्हणजे छतातली उजेडाची खिडकी आहे. दुपारी त्यातून इतकी धग येते की एसी चालू असूनही खाली उभं राहवत नाही. चंदेरी फॉइल लावली की गार वाटतं, पण मिट्ट काळोख होतो. मला तो उजेड अजिबात गमवायचा नाही; एवढ्याशा जागेत त्याच्यामुळेच मोकळं वाटतं.

उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांत असते. तेवढीच अडवली तर काम होईल. सिरॅमिक विंडो फिल्म (खिडकीला चिकटवायचा पातळ पारदर्शक थर) तेच करते, पण ती मुख्यतः काचेसाठी असते. प्लास्टिकवर फुगे येतात, तापून तडेही जाऊ शकतात, म्हणून धीर होत नाही. कुणी खालच्या बाजूला वेगळं सपाट पॅनेल बसवून त्यावर फिल्म लावली आहे का?

की बाहेरून पांढरी शेडनेट ताणणं बरं? ऊन बाहेरच अडलं तर उत्तम, पण गाडी धावताना ती टिकते का? कशाने बांधता? छताला नवीन भोकं पाडायची नाहीत, गळतीची भीती आहे.

दुहेरी (दोन थरांचा) घुमट बसवलेल्यांनी फरक खरंच जाणवतो का, तेही सांगा.