चार पोरांचा राडा म्हणे!

रंकाळा_पश्चिम
गेल्या आठवड्यात इथे एकाने लिहिलं, "कोल्हापुरात कट्टरता वाढली ही पुरोगाम्यांची ओरड आहे. औरंग्याच्या स्टेटसवरून चार पोरांनी राडा केला, विषय संपला." उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण खाली बदामांची रांग बघून राहवलं नाही.

चार पोरं? ७ जून २०२३ ला शिवाजी चौकात किती होती ते मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बघितलंय. अश्रुधूर सोडला, शहराचं नेट बंद झालं. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या अतिक्रमणाचं निमित्त, आणि फोडली काय तर गडाखालच्या गजापुरातली घरं आणि मशीद.

पण मला भीती वाटते ती घरातली. माझा भाचा. २०१९ च्या पुरात सतरा वर्षांचा होता, तालमीच्या पोरांबरोबर आंबेवाडीत होडीतून म्हाताऱ्यांना बाहेर काढत होता. कुणाचं आडनाव विचारलं नाही. गेल्या दिवाळीत आमच्या आईला म्हणतो, "आज्जी, गाद्या त्या चाचाकडनं भरून घेऊ नगंस. ग्रुपवर ठरलंय." चाळीस वर्षं तेच गादीवाले चाचा आमच्या अंगणात कापूस पिंजतात. आई म्हणाली, "बरं. कापूस मी आणतो, गादी तू भर." पोरगं हसलं, पण चाचांना बोलावू दिलं नाहीच. आई अजून जुन्याच गादीवर झोपते.

पोरगं वाईट असतं तर मी घाबरलो नसतो.

स्पष्टवक्ता
तो लेख माझाच. नाव घ्यायला लाज कसली?
आख्ख्या पुराणात औरंग्याचं स्टेटस ठेवणाऱ्यांबद्दल एक शब्द नाही. तेही नेमकं ६ जूनला, राज्याभिषेकाच्या दिवशी! पोरं चिडणार नाहीत तर काय आरती ओवाळणार? आणि "हिंदू दहशतवाद" म्हणून किती वर्षं नाचलात? मालेगावच्या २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ ला सातही जण निर्दोष. त्यांची सतरा वर्षं कोण भरून देणार, तुमची तालीम?

कोर्टाची_पायरी
त्याच महिन्यात २१ जुलैला मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यातले १२ जण हायकोर्टाने निर्दोष ठरवले. तेव्हा कुणाची वर्षं मोजलीत? मी दोन्हीकडे मोजते. आणि नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाच्या खटल्यात १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. गोळ्या झाडणारे सापडले, सांगणारा सापडला नाही. कॉम्रेड गोविंद पानसरेंना तर तुमच्याच गावात, सकाळच्या फिरण्यात गोळ्या घातल्या. ही पण स्टेटसवरून चिडलेली पोरं का?

स्पष्टवक्ता
खुनाचं समर्थन मी कधी केलं? दाखवा. उगाच तोंडात शब्द कोंबू नका.

तांबडा_पांढरा
कोल्हापूरला बदनाम करू नका रे. शाहू महाराजांची भूमी आहे. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे, कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. हे खूळ पुण्याच्या पेठांतून आलं. "गांधीवध" म्हणणाऱ्यांच्या वाड्यांतून. आमची बहुजन पोरं नुसती वापरली जातात.

वाड्याची_चौकट
आलं! सगळ्याचं खापर शेवटी आमच्या डोक्यावर. मी स्वतः "खून"च म्हणतो, वध म्हणणाऱ्यांशी घरात भांडलोय. पण गांधींच्या खुनानंतर बामणांची घरं पेटवली ते १९४८ चं जळीत तुमच्या शाहूंच्या भूमीतही झालं. भालजी पेंढारकरांचा सिनेमाचा स्टुडिओ कुणी जाळला? पुण्याच्या पेठांनी?
माझे आजोबा सातारा जिल्ह्यात मास्तर. आजीने पितळेचं घंगाळ विहिरीत सोडलं, पोरांना मागच्या दाराने उसात पाठवलं. जाळायला आले त्यांत आजोबांचेच विद्यार्थी होते. एक जण म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आधी बाहेर या. मग पेटवतो." घंगाळ अजून आमच्याकडे आहे, एका बाजूला चेपलेलं.

तांबडा_पांढरा
दर वेळी अठ्ठेचाळीस! त्याआधी शेकडो वर्षं गावकुसाबाहेर कोण होतं, त्याचं घंगाळ कुठाय? नथुराम कुणाच्या आळीतला, ते बोला.

वाड्याची_चौकट
म्हणजे एकाच्या गुन्ह्यापायी आख्खी जात जबाबदार? शाब्बास. मग अतिक्रमण गडावर आणि फोडलं गजापूर, त्यावर गळा कशाला काढता? हिशोब तोच आहे.

तांबडा_पांढरा
गळा मी काढलेला नाही, धागाकर्त्याने काढलाय. आणि मला अक्कल शिकवू नका.

कोर्टाची_पायरी
तीन वेळा वाचलं. धागा गजापूरचा होता ना?

रंकाळा_पश्चिम
राहू दे, मला हेच हवं होतं. चौकटराव, "गुरुजी, आधी बाहेर या" म्हणणारा तो पोरगा म्हणजेच माझा भाचा. संस्कार शाबूत, काडी हातात.
स्पष्टवक्ते, स्टेटसबद्दल लिहायला हवं होतं, मान्य. घाणेरडाच प्रकार होता तो. पण त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते की! मग दुसऱ्या दिवशीचे दगड कुणासाठी?

स्पष्टवक्ता
पोलिसांवर विश्वास नसतो लोकांचा.
तरी गादीचा प्रकार मला पटला नाही, हे लिहून ठेवतो. ते ग्रुपवर ठरवणं वगैरे भिकारचोटपणा आहे. दुकान बघून माल घ्यावा. पण त्याला अतिरेकी म्हणाल तर उद्या अर्धं कोल्हापूर अतिरेकी ठरेल.

रंकाळा_पश्चिम
झोप त्यामुळेच लागत नाही मला.

स्पष्टवक्ता
नाटकी आहात.
ते चाचा आता कुठे बसतात? आमच्याही दोन गाद्यांचे गोळे झालेत. आणि याचा अर्थ मला तुमचं पटलं असा कुणी काढू नये.