अंगावरून जातंय, वासही येतो. यानं एचआयव्ही होतो का?

बंदरावरची:
ताईंनो, नाव लिहीत नाही. वय ३४, हर्णै बंदरावर मासळी विकते. तीन महिने झाले, अंगावरून पातळ, राखाडी पांढरं जातंय. खाज नाही, दुखत नाही, पण वास येतो. आधी वाटलं टोपलीचाच असेल. लिलाव झाला की दुपारपर्यंत कोलंबी सोलत बसायचं, मग वास लागणारच. पण न्हाऊन, धुतलेली साडी नेसून देवळात गेले तरी तोच वास. नवरा जवळ आला की जास्तच. तुरटीच्या पाण्यानं आणि जखमेवरच्या जंतुनाशकानं आतून धुते. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा वाढतं. नवरा खलाशी आहे, एरवी आठ-दहा दिवस बाहेर असतो, आता पावसाळी मासेमारीबंदी म्हणून घरी आहे. परवा लेकीच्या मोबाइलवर वाचलं की बायकांच्या आतल्या जंतूंमुळे एचआयव्ही होतो. तेव्हापासून झोप नाही. खरं आहे का? आशाताईला विचारलं असतं, पण ती आमच्याच वाडीतली.

गुहागरची काकू:
बाय, घाबरू नको. आमच्याकडे कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी करून धुतात. आतून नीट धू, आठवड्यात थांबेल.

लॅबवाली:
काकू, राग मानू नका, पण आतून धुवायला सांगू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यात २२ वर्षं लॅब टेक्निशियन आहे. अशा स्लाइड नेहमी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, जंतूंपासून एचआयव्ही तयार होत नाही. तो विषाणू बाधित माणसाकडूनच येतो: संबंधातून, रक्तातून, सुईतून, आईकडून बाळाला. पण तो समोर आला तर आत शिरणं सोपं की अवघड, हे आतल्या जंतूंवरही अवलंबून असतं. तुम्ही वाचलंत त्यात खरं आहे ते एवढंच.

योनीत लॅक्टोबॅसिलस जंतू असावे लागतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल करतात, त्या आंबटपणात दुसरे जंतू माजत नाहीत. लॅक्टोबॅसिलस कमी झाले की गार्डनेरेला, प्रीव्होटेला असे दुसरे जंतू वाढतात. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं, नक्की काय ते तपासूनच कळेल. आणि वासाबद्दल तुमचं नाक चुकलं नाही. शिळ्या मासळीला ज्या ट्रायमिथाइलअमाइनचा वास येतो, तेच हे जंतू आत बनवतात. वीर्य आम्लाच्या उलट गुणाचं असतं, म्हणून संबंधानंतर वास उसळतो. स्लाइडवर पेशी बघाल तर कालवांनी भरलेल्या खडकासारखी दिसते, कडाच दिसत नाही.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ उमलाझीत १८ ते २३ वयाच्या निरोगी मुलींचा अभ्यास झाला, तो २०१७ साली छापून आला. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस कमी आणि बाकी जंतूंची गर्दी, त्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला. या गर्दीनं आत दाह होतो, सीडी४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तिथे जमतात, आणि विषाणूला नेमक्या त्याच पेशी लागतात. एचआयव्ही टाळायला आत लावायचं टेनोफोविरचं जेलही अशा बायकांत फार कमी लागू पडलं, कारण गार्डनेरेला ते औषधच मोडून टाकते.

म्हणून कळकळीनं सांगते, तुरटी, जंतुनाशक, कडुनिंब, सगळं थांबवा. उरलेसुरले चांगले जंतूही त्यानं जातात. बाहेरून साधं पाणी पुरे. दापोलीला उपजिल्हा रुग्णालयात जा, डॉक्टर बहुतेक मेट्रोनिडॅझोल देतील. त्या गोळ्यांनी एचआयव्ही अडत नाही, त्याला कंडोमच. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते, तुमच्या संमतीशिवाय करत नाहीत आणि ती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. वाडीत कुणाला विचारायची गरज नाही. आधी बोलायचं असेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन करा. बंदी आहे तोवर नवऱ्यालाही घेऊन जा.

वेंगुर्ल्याची:
मला हेच झालं होतं. एका दवाखान्यात बाकावर बसलेल्या बायकांसमोर विचारलं, “नवरा बाहेर जातो का?” मी उठून आले आणि दोन वर्षं कुठेच गेले नाही. ताई, या वासावरून कुणी वाईट वागलंय असं सिद्ध होत नाही. असं कुणी बोललं तर दुसरीकडे जा, पण जा.

बंदरावरची:
दोघं जाऊन आलो. दोघांचाही एचआयव्ही निगेटिव्ह. समुपदेशक बाईंनी दार लावून घेतलं, मग मी सगळं बोलले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलंय. मला सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात. नवऱ्यानं पण घ्यायच्या का, ते विचारायचं राहिलं.

लॅबवाली:
किती बरं वाटलं वाचून! परत गेलात की हे नक्की विचारा. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, २०२५ मध्ये आलेल्या, नवऱ्यालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं तेव्हा १२ आठवड्यांत १०० पैकी ३५ बायकांना हे पुन्हा झालं. फक्त बायकोलाच औषध दिलं तिथे ६३ जणींना. बोट १ ऑगस्टला निघेल, त्याआधीच जा.