साखर बॉर्डरवर आली तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

पडवी:
पावसाआधी माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांची परीक्षानळी सापडली. लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा, तळाला निळा डाग धरलेली बाटली. हातात घेतली आणि आमची पडवीच समोर आली. सकाळी बाबा निळ्या बेनेडिक्ट द्रावणात आठ थेंब लघवी घालून नळी दिव्यावर धरायचे आणि आम्ही भावंडं रंग बघायला उकिडवी बसायचो. निळी राहिली तर आई निवांत. हिरवट झाली की ती पेजेची वाटी लहान काढायची. विटकरी झाली त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

लघवीत साखर उतरते ती रक्तात साधारण १८० च्या वर गेल्यावर, हे मला आता कळलं. म्हणजे नळीने रंग बदलला तोवर किती वर्षं गेली असतील! शेवटी बाबांचा पाय काढावा लागला.

मला वेळेत कळलं. गेल्या श्रावणात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१, उपाशीपोटी साखर ११४. (एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा.) डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिने दिले. ग्लुकोमीटर आणला, वही घातली. सकाळी दोन वाट्या पेज नि लोणचं, दोन तासांनी १७२. एक वाटी पेज, सोबत चवळीची उसळ आणि अंडं: १३८. पेज तीच, उकड्या तांदळाचीच! आता ५.८ वर आहे. तुमचंही लिहा ना.

रत्नांग्रीकर:
ताई, सकाळी सकाळी डोळ्यांत पाणी आणलंत. आजोबांकडेही अशीच नळी होती. फेकू नका ती.

कुडाळची सून:
भात कमी केला तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. "भात नाय तर जेवाण कसला गो?" मग त्यांच्यासमोरच बोट टोचलं, आदल्या दिवशीचा आकडा नि आजचा शेजारी शेजारी दाखवला. आता त्याच मला आधी काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढतात, काकडी वाढतात, भात शेवटी, एकच मूद. परवा स्वतःहून बोट पुढे केलं त्यांनी. जेवणानंतर १९६!! उद्या लॅबमध्ये नेते. कुकर झाला, येते मागाहून.

दाभोळखाडी:
नाचणीबद्दल लिहायचंच होतं. जो तो सांगतो नाचणी खा. मी रोज सकाळी ग्लासभर आंबील प्यायचो, गूळ नाही काही नाही, तरी १८० च्या पुढे. तीच नाचणी अर्धी भाकरी करून बांगड्याबरोबर खाल्ली तर १४४. नाचणी चांगलीच, पण शेवटी धान्य ते. बारीक पीठ पातळ शिजवून प्यायलं की झपाझप चढतं.

देवगडचा मळा:
आंब्याचं कोणीच काढलं नाही अजून! पेटी भरता भरता पिकलेले बाजूला काढत होतो, हात पंच्याला पुसला आणि बोट टोचलं. २४०. घाम फुटला. बायकोने साबणाने हात धुवायला लावले, दुसऱ्या बोटाला १२६. बोटाला रस होता आंब्याचा! हात धुवा, कोरडे करा, मगच टोचा.
आंबा सोडलेला नाही. आमरस बंद. चारच्या सुमाराला अर्धा, चिरून, नुसता. त्या दिवशी दुपारी भात नाही.

वेंगुर्ला बंदर:
दादा म्हणतात ते खरं. आणि आषाढात ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावत जा. आमची रात्रभर उघडी राहिली, दमट हवेने पट्ट्या खराब, आठवडाभर आकडे कुठच्या कुठे.

रत्नांग्रीकर:
पाऊस आला का तिकडे? आमच्याकडे काल वळीव पडला, लाकडं भिजली सगळी.

कुडाळची सून:
नको हो एवढ्यात. आमसुलं वाळायला अजून दोन उन्हं हवीत.

निवृत्त आरोग्यसेविका:
रक्तात लोह कमी असेल तर एचबीए१सी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. माझ्या भाचीचा ६.२ आला, हिमोग्लोबिन ८. पोर भात सोडून बसली होती! लोहाच्या गोळ्या झाल्यावर ५.५. तेव्हा बायकांनो, हिमोग्लोबिनही बघा. आणि बोट टोकाला नका टोचू, कडेला टोचा, दुखत नाही तेवढं.

वाडीतून पणजीला:
गोव्यात नोकरी. २०२३ ला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेह सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. चारात एक! आमच्या ऑफिसात डबा खाताना मी मोजते आणि पोटात गोळा येतो. माझा ५.९. जेवण झालं की मांडवीच्या कडेने पंधरा मिनिटं चालते, दोन तासांनंतरचा आकडा वीसेकाने तरी उतरतो माझा.
फणसाचे गरे कोणी मोजून बघितलेत का?

पडवी:
कापा फणस, पाच गरे, १५१. बरक्याचं अजून धाडस नाही केलं.
नळी धुऊन वहीच्या डब्यात ठेवली आहे.

दाभोळखाडी:
कुळथाच्या पिठीवर किती येतो कोणाचा? आज रात्री तीच आहे.

कुडाळची सून:
सासूबाईंचा ७.१. आजपासून गोळी सुरू. रिक्षात मुकाट होत्या, घरी आल्यावर म्हणाल्या, "माका पण एक वही आण गो, तुझ्यासारी." आणलीय. पहिलं पान मीच भरलं, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.
आमसुलं वाळली एकदाची. दाभोळकर, पिठीत घाला, सोबत भात अर्धाच घ्या.