वन्य प्राणी प्राणिसंग्रहालयात ठेवणं योग्य आहे का? निकष सांगा, भावना नकोत

अनवट

या विषयावरची चर्चा नेहमी दोन वाक्यांत संपते. एक जण म्हणतो, "तुम्हाला जन्मभर एका खोलीत कोंडलं तर?" दुसरा म्हणतो, "प्राणिसंग्रहालयं नसती तर काही जाती केव्हाच संपल्या असत्या." दोघांचंही खरं असतं आणि गाडं तिथंच रुततं.

म्हणून जाणकारांना तीन प्रश्न. एक, कुठल्या जातीला बंदिवास सोसतो आणि कुठल्या जातीला नाही, हे कशावरून ठरवायचं? दोन, तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला प्राण्याची खरी अवस्था ओळखता येते का? तीन, 'संवर्धनासाठी प्रजनन' ही पाटी सगळीकडे असते, पण त्यातलं रानापर्यंत किती पोचतं?

आणि "प्राणी तिथं रानापेक्षा जास्त जगतात" हा मुद्दा कुणीतरी नीट सोडवून दाखवा. तो फेकला की समोरचा गप्प होतो, पण पटत मात्र नाही.

रानभूल

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पन्नासहून अधिक सस्तन जातींची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८४ टक्के जाती प्राणिसंग्रहालयात रानापेक्षा जास्त जगतात असं दिसलं. सर्वांत मोठा फायदा झाला तो भराभर वाढणाऱ्या, भराभर पिल्लं घालणाऱ्या, मुळातच आयुष्य कमी असलेल्या जातींना. साहजिक आहे. या जाती रानात म्हाताऱ्या होऊन क्वचितच मरतात, त्यांना कुणीतरी खातं. खाणारा काढून टाकला की आयुष्य वाढतं.

आता हत्ती घ्या. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांमधल्या हत्तिणींच्या नोंदी २००८ साली तपासल्या गेल्या. तिथं जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचं मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्म्या हत्तिणी ज्याच्या आत मेल्या ते वय, १६.९ वर्षं निघालं. केनियातल्या अंबोसेलीच्या हत्तिणींमध्ये माणसांनी मारलेल्या वगळल्या तर ते ५६ वर्षं होतं. आशियाई हत्तिणींचं १८.९ निघालं आणि म्यानमारमध्ये लाकूड ओढण्याच्या कामावरच्या हत्तिणींचं ४१.७. म्हणजे काबाडकष्ट करणारी हत्तीण प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणीच्या दुपटीहून अधिक जगत होती. या नोंदी १९६० ते २००५ या काळातल्या आहेत आणि आफ्रिकी हत्तिणींची स्थिती त्या काळातही हळूहळू सुधारत होती, हे लक्षात ठेवा. तरीही एवढी तफावत नुसत्या 'जुनी पद्धत' म्हणण्यानं भरून निघत नाही.

तेव्हा 'प्राणी जास्त जगतात' असं सरसकट वाक्यच होऊ शकत नाही. कुठला प्राणी, ते आधी सांगायचं.

जात ठरवण्याचा एक बऱ्यापैकी भरवशाचा निकष म्हणजे तो प्राणी रानात किती भटकतो. ३५ मांसाहारी जातींवरचा अभ्यास २००३ साली आला. ज्या जातींचं रानातलं क्षेत्र मोठं, त्यांच्यात पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या जास्त आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. ध्रुवीय अस्वल या यादीत सगळ्यात वाईट ठिकाणी. त्याला मिळणारी जागा सर्वसाधारणपणे त्याच्या रानातल्या किमान क्षेत्राच्या दहा लाखाव्या भागाइतकी भरते. जागा दुप्पट केली, चौपट केली, तरी या आकड्यात काही फरक पडतो का, तुम्हीच करा हिशेब.

माझं मत सरळ आहे: हत्ती, ध्रुवीय अस्वल आणि डॉल्फिन-ओर्कासारखे समुद्री सस्तन यांची नवी पैदास प्रदर्शनासाठी करू नये. बेडूक, गोगलगायी, बरेचसे सरपटणारे प्राणी, लहान सस्तन यांच्याबाबत आक्षेप तत्त्वाचा कमी आणि देखभालीचा जास्त असतो.

शवविच्छेदक

रानभूल यांचं बरोबर आहे, पण "बेडूक-सरड्यांचं चालतं" असा अर्थ कुणी काढू नका. लहान प्राणी तक्रार करताना दिसत नाहीत एवढंच. सरड्याला अतिनील-बी किरण मिळाले नाहीत तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं रबरासारखी वाकतात. दिवा लावलेला असतो, पण मध्ये साधी काच असते आणि ती हे किरण अडवते. दुसरी चूक त्याहून नेहमीची: ट्यूब डोळ्यांना लख्ख दिसते, पण तिचे अतिनील किरण केव्हाच क्षीण झालेले असतात. म्हणून बऱ्याच ट्यूब सहा ते बारा महिन्यांनी बदलायच्या असतात, आणि खरं तर मीटरनं मोजूनच.

आहारातही तेच. वाघ-सिंहाच्या बछड्यांना नुसतं स्वच्छ, बिनहाडाचं मांस घालणं ही दिसायला लाडाची आणि परिणामानं क्रूर गोष्ट आहे. मांसात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १ ला १५-२० असं असतं, वाढत्या पिल्लाला साधारण १.२ ला १ लागतं. शरीर ती तूट हाडांतून भरून काढतं, आणि पिल्लू नुसत्या उडीनं पाय मोडून घेतं. हाडांसकट, कातडीसकट धड दिलं की कॅल्शियम मिळतं, दात साफ होतात आणि फाडण्या-ओढण्यात तास-दोन तास जातात. बघ्यांना किळस येते म्हणून ते टाळणारी ठिकाणं आहेत. तिथं कुणाची सोय पाहिली जाते हे उघड आहे.

पेंग्विन आणि सील यांना गोठवलेली मासळी देतात. काही माशांमध्ये थायामिनेज असतं, ते थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व मोडतं, शिवाय साठवणीत ते आणखी घटतं. म्हणून दर किलो मासळीमागे २५-३० मिलिग्रॅम थायामिन वरून द्यावं लागतं, तेही एखाद्या माशाच्या कल्ल्यात गोळी खुपसून. ती विसरली तर आधी भूक जाते, मग झटके येतात.

हत्ती वाईट जागी सगळ्यात आधी पायांनी खचतो. रानात तो दिवसातले सोळा-अठरा तास चरत हिंडतो, तळवा झिजतो तसा वाढतो. काँक्रीटवर उभा राहिला की तळव्याला भेगा पडतात, नखांत गळू होतं, ओल आणि शेण यांनी ते चिघळतं, आत हाडापर्यंत जातं. वजन चार टन, पाय टेकल्याशिवाय गत्यंतर नाही. पायांचे आजार आणि संधिवात ही बंदिवासातल्या हत्तींना दयामरण देण्यामागची मोठी कारणं आहेत.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल एकच गोष्ट सांगते, ती कुणी विचारत नाही. तुम्ही बघता ते दिवसाचं आवार. संध्याकाळी दार पडतं आणि प्राणी मागच्या रात्रीच्या खोलीत जातो, तो सकाळी सफाई होईपर्यंत. चौदा-पंधरा तास म्हणजे आयुष्याचा निम्म्याहून अधिक भाग तिथं जातो. पाटीवर 'अडीच एकरांचं आवार' लिहिलेलं असतं, रात्रीच्या खोलीचं माप कुठेच नसतं. ते विचारा. तिथली जमीन कशाची आहे, दोन प्राण्यांच्या मध्ये आडोसा आहे का, बाहेर जायचं दार रात्री उघडं ठेवता येतं का, हेही विचारा. चांगल्या ठिकाणचा रखवालदार या प्रश्नांनी खूश होतो.

अनवट

हे फार उपयोगाचं आहे, धन्यवाद. पण येरझाऱ्यांबद्दल जरा खुलासा हवा. वाघ फिरताना दिसला तर तो नुसता फिरतोय की त्याचं काही बिनसलंय, हे बघणाऱ्याला कसं कळणार?

रानभूल

फिरणारा प्राणी थांबतो, हुंगतो, वाट बदलतो. येरझाऱ्या घालणारा थांबत नाही. कुंपणालगतचं गवत बघा, एक वीतभर रुंदीची मातीची पट्टी उघडी पडलेली असते. वळणाची जागा बघा, प्रत्येक फेरीला पंजा त्याच दगडावर पडतो आणि मान त्याच बाजूला झटकली जाते. हत्तीत हेच डुलण्याच्या रूपात दिसतं, पोपटात पिसं उपटण्याच्या, वानरांत केस उपटण्याच्या, जिराफात भिंत किंवा गज चाटण्याच्या.

मोजायचं असेल तर अर्धा तास एका जागी बसा. दर मिनिटाला घड्याळात बघून त्या क्षणी प्राणी काय करतोय ते एका शब्दात लिहा: झोप, चाल, खाणं, येरझारा, दिसत नाही. तीस नोंदी होतील. खाणं द्यायच्या वेळेच्या आधीचा तास टाळा, तेव्हा चांगल्या ठिकाणचे प्राणीही दारापाशी घुटमळतात. वेगवेगळ्या वेळी तीनदा करा. जागेपणीच्या वेळेतला दहा टक्क्यांहून जास्त वेळ अशा निरर्थक पुनरावृत्तीत जात असेल तर ती धोक्याची खूण धरतात.

'दिसत नाही' ही नोंद मात्र वाईट समजू नका. लपायला जागा आहे आणि प्राणी ती वापरतो, याचा तो पुरावा आहे. खंदकाआड 'मोकळे' दिसणारे प्राणी हाम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये दाखवले आणि सगळ्या जगानं ती पद्धत उचलली. गज गेले, पण ते बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढचे. प्राण्याच्या दृष्टीनं चारही बाजूंनी उघडं पडणं हे गजांपेक्षा वाईट असू शकतं.

आणखी एक खाचखळगा: येरझाऱ्या कधी कधी जुन्या जखमेच्या व्रणासारख्या असतात. सर्कशीतून सुटलेलं अस्वल उत्तम जागी आणलं तरी वर्षानुवर्षं डुलत राहतं. म्हणून एका प्राण्यावरून निकाल देऊ नका, तिथंच जन्मलेले काय करतात ते बघा.

तिसरी घंटा

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून मी.

यश आहे आणि ते खरं आहे. कॅलिफोर्नियाचा कॉन्डोर हा गिधाडासारखा पक्षी १९८७ साली एकूण २७ उरला होता आणि सगळेच्या सगळे पकडून आणले गेले. १९९२ पासून सोडायला सुरुवात झाली, आज पाचशेच्या वर आहेत. अरबी ओरिक्स हे लांब शिंगांचं हरणासारखं जनावर; तो १९७२ मध्ये रानातून संपला, १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडला. काळ्या पायांचं फेरेट, मुंगसासारखा लहान मांसाहारी, अठरावर आलं होतं, तेही वाचलं.

पण याच तिघांची पुढची गोष्ट पाटीवर नसते. कॉन्डोर अजूनही शिशाच्या विषानं मरतात, कारण शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांत गोळीचे कण असतात आणि हे पक्षी मेलेलं खातात. ओमानमध्ये चोरट्या शिकारीनं आणि पकडापकडीनं ओरिक्सचा कळप खालावला, सरकारनं अभयारण्याचं क्षेत्रही नव्वद टक्के घटवलं आणि २००७ मध्ये त्याचं नाव जागतिक वारसा यादीतून काढलं. त्या यादीतून बाहेर पडलेलं ते पहिलं ठिकाण. ज्या कारणानं जात संपत आली ते कारण तसंच असेल, तर प्रजनन केंद्र हे गळक्या पिंपात पाणी ओतण्याचं काम आहे.

फेरेटचा धडा वेगळा. १९८५ साली पकडलेले पहिले सहा कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांमधल्या विषाणूजन्य रोगानं मेले. म्हणजे पकडणं हीच एक जोखीम. पुढं पैदास जमली, पण पिंजऱ्यात वाढलेली फेरेटं सोडल्यावर टिकेनात. मग सोडण्याआधी त्यांना बाहेरच्या मोठ्या आवारात, प्रेअरी डॉगच्या (फेरेटचं भक्ष्य असलेल्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या) खऱ्या बिळांत, किमान महिनाभर ठेवून जिवंत भक्ष्य मारायला लावलं गेलं, तेव्हा जगण्याचं प्रमाण सुधारलं. ब्राझीलच्या सोनेरी सिंह-टॅमरिन माकडांचंही तसंच. प्राणिसंग्रहालयातल्या पक्क्या, खिळे ठोकलेल्या फांद्यांवर वाढलेल्यांना रानातली हलणारी बारीक फांदी कशी धरायची ते येईना.

आता मुख्य प्रश्न असा, की जी ठिकाणं 'संवर्धन' म्हणतात ती यांतलं काय करतात? मला लिखित तीन गोष्टी दाखवा: प्राण्याची स्टडबुकमधली (जातीच्या वंशावळीच्या वहीतली) नोंद, पैदाशीचा समन्वित कार्यक्रम आणि सोडायची ठरलेली जागा. नेहमीचं उद्दिष्ट शंभर वर्षांत ९० टक्के जनुकीय विविधता टिकवण्याचं असतं, आणि ते एका ठिकाणच्या दोन जोड्यांनी होत नाही. पांढरे वाघ तर थेट फसवणूक आहे. तो एका अप्रभावी जनुकाचा खेळ आहे, तो टिकवायला जवळच्या नात्यात जोड्या लावतात, आणि त्याच जनुकाबरोबर तिरळेपणाही पदरात पडतो. संवर्धनाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि पैदास केली की जादा प्राणी होणारच. कोपनहेगनमध्ये ९ फेब्रुवारी २०१४ ला मॅरियस नावाचा दीड वर्षाचा निरोगी जिराफ मारला, लोकांसमोर कापला आणि सिंहांना घातला. जग खवळलं. त्याची जनुकं कार्यक्रमात आधीच भरपूर होती, हे त्यांचं कारण. मला ते कृत्य आवडत नाही, पण त्यांनी लपवलं नाही एवढं खरं. जादा प्राणी गुपचूप कुठल्या तरी खासगी पिंजऱ्यात पाठवणारे जास्त दोषी.

शवविच्छेदक

यावर "मग गर्भनिरोधक द्या की" असं लगेच येईल, म्हणून आधीच सांगते. वाघ-सिंहांना पूर्वी प्रोजेस्टिन प्रकारची (संप्रेरकाची, कातडीखाली बसवायची) रोपणं दिली जात, त्यांतून गर्भाशयाचे आणि स्तनांचे कर्करोग झाले. आताचं डेस्लोरेलिन हे औषध बरं आहे, पण त्याचा असर केव्हा उतरेल याचा नेम नसतो. हत्तीण आणि गेंडीण वर्षानुवर्षं न विता राहिल्या तर गर्भाशयात गाठी होतात आणि पुढं गर्भ राहतच नाही. नर-मादी वेगळे ठेवले तर कळपात वाढणाऱ्या प्राण्याची सोबत जाते. प्रत्येक उपायाची किंमत प्राणीच मोजतो, मारण्याची मोजतो तशीच. फक्त ती आपल्याला दिसत नाही.

अनवट

म्हणजे सगळी बंद करा, असं तुम्हा तिघांचंही म्हणणं दिसत नाही.

तिसरी घंटा

बंद करून प्राणी ठेवणार कुठे? माणसाच्या हातून वाढलेला बिबट्या रानात सोडला तर तो माणसाच्याच दिशेनं चालत येतो. हत्तींची पैदास आज थांबवली तरी शेवटची हत्तीण आणखी चाळीस वर्षं जगेल आणि शेवटी एकटी उरेल, याचंही नियोजन आत्तापासून लागतं. म्हणून क्रम असा: भटक्या जातींची पैदास आधी थांबवायची, उरलेल्यांना एकत्र आणून मोठ्या, मऊ जमिनीच्या जागी हलवायचं, आणि मोकळ्या झालेल्या आवारात ज्यांना खरोखर तिथं असण्यावाचून पर्याय नाही त्यांना जागा द्यायची. बुरशीनं पनामाचा सोनेरी बेडूक रानातून जवळपास पुसला गेला, तो आज टिकून आहे तो पेट्यांमध्ये. त्याला एक थंड खोली, वाहतं स्वच्छ पाणी आणि रोज किडे पुरवणारा माणूस लागतो. तिकीट विकायला तो निरुपयोगी, हीच अडचण आहे.

रानभूल

आणि त्या पेटीसमोर कुणी पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही. अनवट, तुम्ही गेलात तर तीस नोंदींचा कागद बरोबर ठेवा. इथं टाका, आपण मिळून बघू.