लपवून पिस्तूल बाळगायचं तर प्रशिक्षण सक्तीचं हवं का?

ह्यूस्टनकर_आनंद
टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या कोणालाही परवान्याशिवाय पिस्तूल लावून हिंडता येतं. त्याआधी, १९९५ च्या कायद्यापासून, परवाना लागायचा. तो आता ऐच्छिक आहे, तरी मी काढला. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या. २५० पैकी १७५ गुण पडले की पास. त्यातल्या वीस गोळ्या ३ यार्डांवरून, म्हणजे नऊ फुटांवरून! माझ्या वर्गात नापास कोणीच झालं नाही.

एवढी सोपी परीक्षा, आणि तीही नको? घरच्या कपाटात काय ठेवायचं ते ज्याचं त्याने बघावं. पण किराण्याच्या रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्याच्या शर्टाखाली भरलेलं पिस्तूल असेल, तर ते कधी काढायचं नाही हे त्याला कोणीतरी एकदा शिकवलेलं असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. गाडी चालवायला लायसन्स लागतंच ना?

बापू_डॅलस
आनंदराव, गाडी चालवणं अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलेलं नाही, शस्त्र बाळगणं लिहिलेलं आहे. हक्क बजावण्याआधी सरकारकडून पास होऊन या म्हटलं, की पास कोणाला करायचं हे सरकार ठरवतं. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. ज्याला खरी गरज होती त्यालाच.

आणि प्रशिक्षणाचं म्हणाल, तर इंडियाना बघा. तिथे परवान्याची अट १ जुलै २०२२ ला गेली. १७ जुलैला ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एकाने रायफलने तिघांना मारलं. तिथे खरेदीला आलेल्या २२ वर्षांच्या मुलाने साधारण ४० यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या, आठ लागल्या. हल्ला सुरू झाल्यापासून पंधरा सेकंदांत. ना पोलिसी प्रशिक्षण, ना लष्करी. नेमबाजी आजोबांनी शिकवलेली. (मॉलमध्ये शस्त्रबंदी होती, हे जाता जाता.)

मीनल_जर्सी
बापूसाहेब, म्हणजे त्याला शिकवलं होतंच की! आजोबांनी. सगळ्यांना असे आजोबा नसतात.

रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा २००८ चा अहवाल न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराबद्दल आहे. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या सुमारे १८ टक्केच गोळ्या लागल्या होत्या. पगारी, दरवर्षी सराव करणाऱ्या माणसांची ही कथा. उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच.

तुमच्या इंडियानासमोर मी कोलोराडो ठेवते. जून २०२१, आर्वाडा. एकाने पोलिसाला मारलं. दुकानात असलेल्या नागरिकाने लपवलेलं पिस्तूल काढून त्या हल्लेखोराला पाडलं. नेम अचूक. मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली, आणि दुसऱ्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो गेला. गोळी झाडल्यावर हातात काय धरायचं आणि पोलीस येताना कसं उभं राहायचं, हे टिनच्या डब्यांवर नेम धरून कळत नाही.

बापू_डॅलस
त्या प्रकरणात प्रशिक्षण पोलिसाला कमी पडलं, असं मी म्हणेन.

खवचट_पुणेकर
अवांतर: आपल्याकडे शस्त्र नियम २०१६ मध्ये परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाची अट आहे. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये गोविंदाच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्याच्याच पायात घुसली. चालू द्या.

मीनल_जर्सी
@खवचट_पुणेकर, हेल्मेट घातलेले लोकही मरतात म्हणून हेल्मेट काढायचं का?

मुद्द्यावर येते. जून २०२२ च्या ब्रुएन खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा ‘विशेष गरज दाखवा’वाला शंभरहून जास्त वर्षांचा कायदा रद्द केला, पण नवव्या तळटीपेत सुरक्षा वर्ग मागणाऱ्या राज्यांना धक्का लावला नाही. आता न्यूयॉर्कात १६ तास वर्गात आणि २ तास प्रत्यक्ष गोळीबार.

बापू_डॅलस
ती तळटीप शेवटपर्यंत वाचा मीनलताई. फी भरमसाट असेल किंवा ताटकळत ठेवलं जात असेल, तर तेही घटनेविरुद्ध ठरू शकतं, असं तिथेच म्हटलंय. अठरा तास म्हणजे दोन-अडीच दिवस. रात्रपाळी संपवून पहाटे दोनला अंधाऱ्या पार्किंगमधून एकटी चालत जाणारी बाई ते कुठून काढणार? वर फी आणि गोळ्यांचा खर्च. आपण आयटीवाले शनिवारी मजेत करून येऊ. व्हर्माँटमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परवाना नाही, तिथे रस्त्यात रक्ताचे पाट वाहत नाहीत.

ह्यूस्टनकर_आनंद
व्हर्माँटची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास. ह्यूस्टनशी कुठे जुळवता?

पण रात्रपाळीचा मुद्दा पटतो. म्हणूनच मी अठरा तास मागत नाहीये. नेमबाजीपेक्षा मला कायद्याच्या भागाची काळजी आहे. शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर केंद्राची बंदी आहे. राज्याचा परवाना असलेल्याला सूट, विनापरवान्याला नाही. म्हणजे टेक्सासात ‘परवाना नको’ ऐकून कमरेला भरलेलं पिस्तूल लावून निघालेला माणूस शाळेसमोरच्या रस्त्यावरून गेला की केंद्राचा गुन्हेगार, आणि त्याला पत्ताही नाही. बारच्या दारावरची लाल ‘५१%’ ची पाटी, खाजगी जागेत पिस्तूल आणू नका सांगणाऱ्या ३०.०५ आणि ३०.०६ या कलमांच्या पाट्या... वर्गाला बसेपर्यंत मलाही यातलं निम्मं माहीत नव्हतं.

एच१बी_हवालदिल
मित्र रविवारी रेंजवर चल म्हणतायत. भाड्याने पिस्तूल घेऊन मारायचं. चालतं ना?

ह्यूस्टनकर_आनंद
थांब! एच-१बी वर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असताना बंदूक हाताळणंही केंद्राच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे चालू असलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नकोस, ग्रीन कार्ड अडकेल.

मीनल_जर्सी
बघा, वर्गाची गरज कोणाला आहे ते!

बापूसाहेब, एक सरळ प्रश्न. वर्ग चार तासांचा, फुकट, रविवारीही, आणि गोळ्यांचा खर्च राज्याचा. मग सक्ती चालेल?

बापू_डॅलस
फुकट वर्ग उद्या सुरू करा, मी स्वतः शिकवायला येतो, बायकोलाही पाठवतो. सक्ती मात्र नाही. आज चार तास फुकट म्हणणारं सरकार पाच वर्षांनी चाळीस तास आणि हजार डॉलर म्हणेल, तेव्हा अडवणार कोण?

ह्यूस्टनकर_आनंद
तीच नववी तळटीप.