जुन्या सायकलीला टिकाऊ रंग, कमी खर्चात : अनुभव धागा

वीस-तीस वर्षांची काळी, दांडीवाली लोखंडी सायकल. नळ्या शाबूत, पण रंगाचे पोपडे सुटलेले आणि सांध्यांवर गंज. नवी न घेता हीच रंगवायची आहे. खर्च दीड हजाराच्या आत बसावा आणि रंग दोन पावसाळ्यांत सुटू नये. ब्रश, कॅन, गन किंवा भट्टी, ज्याची जी रीत असेल त्याने ती नेमकी लिहावी: काय किती लागतं, कुठे बिघडतं आणि का. ‘चांगल्या पेंटरला द्या’ हा सल्ला नको, तो सगळ्यांना माहीत आहे. (खाली प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि गाव आहे.)

कॉटरपिन, पुणे

सायकल पूर्ण सुटी करा. नुसती चाकं काढून बाकी सगळ्याला टेप गुंडाळली, तर रंग पहिल्यांदा बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस ज्या नळीत बसतो तिच्या) कडेलाच सुटतो, कारण तिथलं ग्रीस निघालेलंच नसतं.

कॉटर पिनचा (क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, आसावर धरून ठेवणाऱ्या खिळीचा) नट पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच ढिला करा, क्रँकला खालून लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या आणि एकच सणसणीत घाव घाला. हळूहळू ठोकत बसलं की पिन वाकते आणि आटे जातात. बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप (छर्रे धरणारी वाटी) उलट्या आट्याचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. नाहीच सुटला तर आतच राहू द्या. आत कापडाचा बोळा कोंबा, वर टेप लावा.

फ्रेम नंबरचा फोटो घ्या आणि कागद ठेवून वरून पेन्सिल घासून ठसाही घ्या. जाड रंगाखाली नंबर बुजतो, मग जुनी सायकल विकताना मालकी दाखवणं अवघड होतं.

रंग काढल्यावर हँडलखालच्या सांध्याजवळ खालची नळी भिंगातून बघा. पुसूनही परत उमटणारी, केसासारखी गंजाची रेघ म्हणजे तडा. आधी तिथे पितळेची झाळ मारून घ्या. तड्यावर रंग चढवणं धोक्याचं आहे.

पोपडा, सातारा

जुना रंग सगळा खरवडायलाच हवा असं नाही. कंपनीचा मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो. तो जिथे घट्ट आहे तिथे नव्या प्रायमरपेक्षा चांगला पाया देतो. नखाने किंवा पटाशीच्या कोपऱ्याने उचकटून बघा. जे सुटतं ते काढा, जे चिकटून आहे त्याची फक्त चमक 240 च्या पॉलिश पेपरने (आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक) मारा आणि कडा उतरत्या करा. बोट फिरवल्यावर पायरी लागली, तर ती रंगानंतरही दिसणार.

गंजाला तारेचा ब्रश, मग 80, 120, 220 अशा क्रमाने पेपर. 220 च्या पुढे उघडं लोखंड गुळगुळीत करू नका, प्रायमरला धरायला काही उरत नाही.

घासाघाशी नेहमी पाणी लावून करावी. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा लागू झाली ती 2017 मध्ये. त्याआधीच्या पिवळ्या, लाल आणि नारिंगी रंगांत शिसं भरपूर असू शकतं. कोरडी धूळ घरात, विशेषतः लहान मुलं असतील तिथे, उडवू नका.

पेंट रिमूव्हर जपून वापरा. तो झटपट काम करतो, पण सांध्यांच्या फटींत उरलेला रिमूव्हर आठवड्याने बाहेर झिरपतो आणि नवा रंग फुगवतो. वापरलाच तर फटी पाण्याने, मग थिनरने दोनदा धुवा.

मापदंड, सांगली

दुकानदार लिटरभराचा डबा पुढे करतो, म्हणून आधी हिशेब. 22 इंची फ्रेमच्या मोठ्या नळ्या मिळून सुमारे 2 मीटर, घेर 8 ते 9 सेंटिमीटर. मागच्या चार बारीक नळ्या मिळून आणखी 2 मीटर, घेर साधारण 5. त्यात चिमटा (पुढचं चाक धरणारा) धरला तरी सगळा पृष्ठभाग जेमतेम एक तृतीयांश चौरस मीटर. लिटरभर सिंथेटिक इनॅमलमध्ये (ऑइल पेंट) एका हाताला 10 ते 12 चौरस मीटर होतात. म्हणजे फ्रेमला एका हाताला लागला 30 ते 35 मिलिलिटर रंग. मडगार्ड आणि चेनकव्हर दोन्ही बाजूंनी धरलं तर दुप्पट. 200 मिलिलिटरचा डबा पुरतो.

ब्रशची रीत अशी. थिनरच्या फडक्याने पुसून रेड ऑक्साइडचा (तांबडा प्रायमर) एक पातळ हात द्या आणि 24 तास सोडा. मग 320 च्या वॉटर पेपरने हलकं घासा. इनॅमलमध्ये दहावा हिस्सा टर्पेंटाइन मिसळा, एक इंची मऊ ब्रश घ्या. आधी सांधे आणि आतल्या बाजू, मग नळ्या. शेवटचा हात नेहमी नळीच्या लांबीने. पाच मिनिटांनी फ्रेम उलटी करून खालून बघा, ओघळ तिथेच जमतात. ओले असताना ब्रशच्या टोकाने उचलले जातात, सुकल्यावर घासत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी 400 चा पेपर आणि दुसरा हात. पिवळा किंवा पांढरा रंग द्यायचा असेल तर रेड ऑक्साइड नको, खालची लाली वर दिसते. राखाडी किंवा पांढरा प्रायमर घ्या.

रंग, प्रायमर, टर्पेंटाइन, पेपर आणि ब्रश धरून काम पाचशे-सहाशेत होतं. ब्रशच्या रेघा किंचित दिसतात, पण थर कॅनपेक्षा जाड बसतो आणि मला तरी तो जास्त टिकाऊ वाटतो.

कॅनवाला, ठाणे

ब्रशची रेघ ज्यांना खपत नाही त्यांच्यासाठी. 400 मिलिलिटरचे तीन स्प्रे कॅन: प्रायमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर). नळी बारीक असल्याने निम्म्याहून अधिक फवारा हवेत जातो, म्हणून मापदंड यांचा हिशेब इथे लावू नका.

हेडच्या नळीतून (हँडल बसतं ती) बांबू घालून फ्रेम टांगा. कॅन दोन मिनिटं पूर्ण हलवा. अंतर 20 ते 25 सेंटिमीटर. फवारा नळीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहावा. दहा-दहा मिनिटांनी असे तीन-चार हात. एका दमात झाकायला गेलात की ओघळ नक्की.

कॅनच्या पाठीवर ‘पुढचा हात तासाभरात किंवा 24 तासांनंतर’ अशा अर्थाची सूचना असते, ती पाळा. मधल्या वेळेत वरची साय धरलेली असते आणि आतला रंग ओला असतो. नवा थिनर आत शिरतो आणि कातडी सुरकुतते.

थिनरबाधा, कोल्हापूर

सुरकुत्यांचं आणखी एक कारण आहे, आणि निम्मी कामं तिथेच वाया जातात. सिंथेटिक इनॅमल किंवा रेड ऑक्साइडवर एनसी (नायट्रोसेल्युलोज, लॅकर जातीचा) थिनरचा रंग मारला की खालचा थर उकळल्यासारखा उठतो. उलट क्रम चालतो, म्हणजे सुकलेल्या एनसीवर इनॅमल. खाली काय आहे हे कळत नसेल तर कापसाचा बोळा थिनरमध्ये भिजवून एका कोपऱ्यावर मिनिटभर धरा. रंग बोळ्यावर उतरला तर तो विरघळणारा, लॅकर जातीचा. सुरकुतला किंवा मऊ पडला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर भट्टीचा किंवा हार्डनरवाला (रंग कडक करणारं द्रव्य मिसळलेला), त्यावर घासून काहीही मारा.

आणि सिंगल पॅक (हार्डनर नसलेल्या) कॅनच्या रंगावर पेट्रोलचं फडकं फिरवू नका. चेन साफ करताना हे हमखास होतं.

भट्टी, अंबड-नाशिक

खर्च आणि टिकाऊपणा दोन्ही बघितले तर साध्या लोखंडी फ्रेमला पावडर कोटिंगच (कोरडी रंगाची पावडर भट्टीत भाजून बसवणं). नाशिकचं अंबड-सातपूर, पुण्याचं भोसरी, संभाजीनगरचं वाळूज, कोल्हापूरचं शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत कोटिंगचे छोटे कारखाने आहेत. दर गावागणिक बदलतो. एका फ्रेमसाठी गन धुऊन वेगळा रंग भरणं त्यांना परवडत नाही, म्हणून रंग तुम्ही निवडू नका. ‘या आठवड्यात काय चालू आहे?’ असं विचारा. काळा, पांढरा, राखाडी जवळपास रोज चालू असतो. त्या दिवशी फ्रेम दिली तर दर उतरतो.

पावडर विजेच्या भाराने चिकटते आणि 180 ते 200 अंश सेल्सियसला दहा-पंधरा मिनिटं भाजली जाते. थर 60 ते 80 मायक्रॉनचा. पितळेच्या झाळीला या तापाने काही होत नाही, ती कितीतरी जास्त तापमानाला वितळते. पण पुट्टी भरलेली असेल तर फुगते, आणि नळीत जुनं तेल असेल तर ते उकळून सांध्यांतून बाहेर येतं आणि रंगात खड्डे पडतात. त्यामुळे फ्रेम देण्याआधी नळ्या केरोसीनने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने आतून धुवा, दोन दिवस उन्हात उलटी टांगा. चुंबक लावून बघा. जिथे पकड ढिली वाटते तिथे पुट्टी आहे.

कारखान्यात तीन गोष्टी स्पष्ट सांगा. बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेडच्या वाट्यांच्या जागा आणि सीटच्या नळीचं आतलं तोंड यांना उष्णता सहन करणारी टेप किंवा सिलिकॉन बूच लावा. नाहीतर नंतर आटे पाडून घ्यायचा वेगळा खर्च येतो. चाकाचा नट बसतो तिथेही पावडर नको: जाड थर नटाखाली चेपत राहतो आणि चाक ढिलं होतं. ब्लास्टिंग (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने जुना रंग आणि गंज काढणं) करत असतील तर वाळू बारीक हवी आणि पावडर त्याच दिवशी चढायला हवी. कार्बनच्या फ्रेमचा विचारही करू नका.

एक दोष मान्य करतो. ठेच लागून पावडर उडाली तर जागेवर जोडकाम दिसतं आणि कडेतून गंज थराखाली पसरतो.

हार्डनर, नागपूर

गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे त्या दिवशी जो टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन) रंग उरला असेल तो विचारा. फ्रेमला 100 मिलिलिटर रंगात 25 मिलिलिटर हार्डनर असं चारास एक प्रमाण सहसा असतं, पण डब्यावरचंच पाळा. जास्त हार्डनर म्हणजे जास्त कडक नाही, तडकणारा. मिसळलेला रंग काही तासांत डब्यातच घट्ट होतो. हा फवारा घरी मारू नका. हार्डनरमधले आयसोसायनेट ही घातक रसायनं छातीत जातात, त्याला रुमाल किंवा कापडी मास्क पुरत नाही.

विदर्भातल्यांना एक सूचना: एप्रिल-मेमध्ये दुपारी कॅन मारला तर थेंब हवेतच सुकून फ्रेमवर रेतीसारखा बसतो. सकाळी सात ते नऊ, बस्स.

खारा वारा, रत्नागिरी

आमच्याकडे उलट त्रास. जून ते सप्टेंबर कॅन किंवा एनसी मारू नये: थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम.

कोकणात फ्रेम बाहेरून नाही, आतून मरते. पाणी सीटच्या नळीतून उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये साचतं. रंग पूर्ण सुकल्यावर (आधी नाही, तेलाचा एक थेंब रंगाला डोळे, म्हणजे गोल खळगे, पाडतो) डबल बॉइल्ड जवसाचं तेल 50 मिलिलिटर सीटच्या नळीतून ओता, फ्रेम चारी बाजूंनी फिरवा, उरलेलं गाळून घ्या. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला भोक असेल तर ते मोकळं ठेवा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतं. पसरून वाळवा.

छर्रा, बेळगाव

नट, बोल्ट, ब्रेकच्या दांड्या, घंटीची टोपी: किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, लिटरभर पाण्याला 50 ते 100 ग्रॅम, चार-सहा तास. मग ब्रश, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवणं, लगेच कोरडं करून तेल. छर्रे, स्प्रिंगा आणि आरे यात बुडवू नका, आम्लाने कडक पोलाद ठिसूळ होतं. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको. गंज जातो, पण फटींतलं क्लोराइड आठवड्यात दुप्पट गंज आणतं.

रेघोटी, सोलापूर

सोनेरी रेघ आणि नाव हवं असेल तर नंबरप्लेटवाला रेडियमचा माणूस विनाइल कापून देतो. क्लिअरच्या आधी चिकटवा आणि क्लिअरचे पहिले दोन हात अगदी विरळ मारा. ओला हात पडला की स्टिकरच्या कडा आक्रसतात.

जोडणीची घाई सगळ्यात महाग पडते. इनॅमल दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण दहा-पंधरा दिवस नख रुततं. तेवढ्यात कॅरिअरची पट्टी आवळली की रंग तिच्यासकट निघतो. प्रत्येक पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, स्टँडखाली तर दुहेरी. उरलेला इनॅमल नेलपॉलिशच्या धुतलेल्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा राहिली तर साय धरते. ओरखडा दिसला की त्याच आठवड्यात त्याच बाटलीच्या ब्रशने एक ठिपका. टू-केवाल्यांना ही सोय नाही.