५ए मध्ये ४६ पडले, परत देऊ की ५बी देऊ?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी सांगलीकडची, ११ वर्षं पोस्टाच्या आरडीची एजंट आहे, महिला प्रधान योजनेतली, घरोघर फिरून हप्ते गोळा करते. हल्ली गिऱ्हाइकंच विचारतात ताई एसआयपी पण करून द्या ना, म्हणून म्युच्युअल फंड विकायला लागते ती एनआयएसएमची (सेबी या बाजार नियामकाच्या संस्थेची) ५ए परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. एका क्लासवाल्याकडून ५०० प्रश्नांची पीडीएफ घेतली, महिनाभर रात्री भांडी झाल्यावर घोकली, आणि परवा १०० पैकी ४६!! पासिंग ५० ला, निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी ही गत. टॅक्सचे प्रश्न तर पाठ होते हो, एकदम ठाम टिक केलेत. आता मिस्टर म्हणतात परत पंधराशे घालवू नकोस. कुणी म्हणतं त्याऐवजी ५बी ही छोटी परीक्षा दे, त्यात ५० च प्रश्न असतात. काय करू?

गोदाघाट
ताई पीडीएफमध्ये डेट फंडाला (रोख्यांत पैसे गुंतवणारा) ३ वर्षांनंतर इंडेक्सेशन, म्हणजे महागाईची वजावट, आणि २० टक्के टॅक्स असं होतं का? आणि इक्विटीला (शेअरवाल्या फंडाला) १ लाखाच्या वर १० टक्के? असेल तर तिथेच घात झाला. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा तुमच्या स्लॅबप्रमाणे, कितीही वर्षं ठेवा. इक्विटीचं २३ जुलै २०२४ पासून सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के, आणि वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, आधी १५ होतं. एनएव्हीचं (युनिटच्या भावाचं) पण तसंच, पूर्वी रक्कम २ लाखाच्या खाली असेल तर फॉर्म दुपारी ३ च्या आत दिला की त्या दिवशीचा भाव मिळायचा, फेब्रुवारी २०२१ पासून पैसे फंडाच्या खात्यात कधी पोचले ते बघतात. म्हणजे तुम्ही अभ्यास केलात, पण मागच्या जमान्याचा.
एनआयएसएमच्या साइटवर वर्कबुक फुकट आहे, १२ धडे. तेच वाचा. मी पहिल्यांदा दिली तेव्हा ट्रस्टी कोण, कस्टोडियन कोण, एसआयडी (स्कीमचं माहितीपत्रक) कशाला म्हणतात हे कंटाळवाणं म्हणून सोडलं होतं आणि तिथूनच ढीगभर प्रश्न आले, जेमतेम ५३ वर सुटलो 😅

स्पष्टवक्ता_ठाणे
माझं मत वेगळं. ही परीक्षा म्हणजे नुसती चाळणी, आणि भोकं एवढी मोठी की सगळेच खाली पडतात. माझ्या वडिलांना वयाच्या ७२ व्या वर्षी ज्याने सेक्टर फंडाचा (एकाच उद्योगातले शेअर घेणारा) एनएफओ, म्हणजे नवी निघालेली स्कीम, चिकटवला तो पण हीच पास होऊन आला होता ना, एआरएन नंबर, ईयूआयएन हे विकणाऱ्याचे नोंदणी क्रमांक सगळे फॉर्मवर व्यवस्थित. अर्धे मार्क मिळाले की लोकांचे आयुष्यभराचे पैसे हाताळायला मोकळे. सल्लागाराची एक्स-ए परीक्षा बघा, ६० टक्के लागतात आणि चुकलं की मार्क कापतात.

गोदाघाट
वडिलांचं वाईट वाटलं, पण एक्स-ए फी घेऊन सल्ला देणाऱ्यांसाठी आहे, हे काम वेगळं. डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे फंड विकणाऱ्याला, स्वतःला ॲडव्हायझर म्हणवून घेता येत नाही की गिऱ्हाइकाकडून फी घेता येत नाही. आणि ६० टक्के केले तरी तो माणूस पास झालाच असता, घोकून.

हिशेबी_माणूस
५बी बद्दल कुणी बोललंच नाही. २०१२ मध्ये सेबीने ती वाट मुळात पोस्टाचे एजंट, निवृत्त शिक्षक वगैरे लोकांसाठीच काढली, म्हणजे तुम्ही अगदी त्यातल्याच. पण त्यावर साध्यासरळ ठरावीक स्कीमच विकता येतात. गिऱ्हाइकाने दुसरं काही मागितलं की तुम्ही हात वर करणार आणि तो दुसऱ्याकडे जाणार. ५ए च द्या.
आता खरा मुद्दा, परीक्षेत नसलेला. आरडीवर ४ टक्के कमिशन मिळतं ना, म्हणजे महिना हजाराच्या खात्यावर वर्षाला ४८० रुपये. फंडात ऑक्टोबर २०१८ पासून आगाऊ कमिशन बंद, फक्त ट्रेल, म्हणजे जमलेल्या रकमेवर दरवर्षी थोडं थोडं. समजा ०.८ टक्के धरलं. हजाराच्या एसआयपीत पहिल्या वर्षी सरासरी साडेसहा हजार पडून असतात, त्यावर वर्षाला ५२ रुपये. बावन्न! खात्यात ६० हजार साठतील, म्हणजे वाढ सोडली तर ५ वर्षांनी, तेव्हा कुठे ४८० ला पोचाल. पुढे वाढत जातं हे खरं, पण आरडी सोडून उडी मारू नका.

कृष्णाकाठची
बापरे, ५२ रुपये?? क्लासवाला म्हणाला होता बसून खाल 😄 आरडी नाही सोडत, तेच तर घर चालवतंय. गोदाघाट दादा, पीडीएफ काढून बघितली, इंडेक्सेशनच आहे त्यात, आणि वर "लेटेस्ट" छापलंय. वर्कबुक उतरवून घेतलं, इंग्रजी जड जातंय पण पुतणी बसते म्हणालीय बरोबर. केंद्रावरच देईन, घरून कॅमेऱ्यासमोर देतात म्हणे पण आमच्याकडे दोन तास कुणी खोलीत येणार नाही हे शक्यच नाही.
अजून एक, माझ्या पॅनवर माहेरचं नाव आहे आणि बँकेत सासरचं. पुढे अडेल का?

गोदाघाट
अडेल! सर्टिफिकेट पॅनवरच्या नावानेच येतं आणि कमिशन बँकेत जातं. आधी पॅन दुरुस्त करून घ्या, मग तारीख घ्या. बायकोच्या वेळी आम्ही उलटं केलं, सगळा कागदोपत्री गोंधळ निस्तरण्यात दिवाळी गेली.

कृष्णाकाठची
बरं झालं विचारलं. सोमवारी हप्त्यांची फेरी झाली की पॅनच्या मागे लागते.